युनिटचा हिशेब (भाग ५) : तारे घराचे, आकडा स्लॅबचा

गेल्या आठवड्यात एसी आणि फ्रिजवरचं लेबल वाचलं. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न असा, की घरालाच तारे मिळतात का?

मिळतात. एसीवर तारे देणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनंच (बीईई) २०१९ मध्ये घरांसाठीही लेबल आणलं. दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट लागतील यावरून एक ते पाच तारे ठरतात, म्हणजे दोन खोल्यांचं घर आणि बंगला एकाच मापानं मोजता येतात. पण लेबल ऐच्छिक. सावेडीत किंवा केडगावात फ्लॅट बघायला गेलात, तर ‘बीईईचं लेबल आहे का’ या प्रश्नावर समोरचा माणूस तुम्हाला लिफ्टच्या कंपनीचं नाव सांगण्याचीच शक्यता जास्त.

इंग्लंडमध्ये असं चालत नाही. तिथे २००७ पासून घर विकताना ऊर्जेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ‘ए’ ते ‘जी’ या श्रेणींपैकी शेवटच्या दोन मिळालेलं घर, काही अपवाद सोडले तर, भाड्यानंही देता येत नाही. अर्थात तिथली सगळी धडपड आतली ऊब टिकवण्यासाठी असते. आपली धडपड बाहेरची उष्णता थोपवण्यासाठी.

त्यासाठी केंद्रानं १४ डिसेंबर २०१८ रोजी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. ती लागू होते ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींना. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना थोडंसं कमी. आता नगरमधले प्लॉट आठवा. दीड-दोन गुंठ्यांत बंगला उठवणारा माणूस या संहितेच्या बाहेरच राहतो. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्तीनं निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या खऱ्या, पण तिथे १०० किलोवॅटच्या जोडभाराची अट आली. साध्या बंगल्याचा जोडभार चार-पाच किलोवॅटचा. थोडक्यात, आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक स्वतंत्र घरांना कुणी तपासायला येणार नाही. संहिता मात्र कुणालाही उघडून वाचता येते, आणि तिच्यातला एक आकडा घर बांधणाऱ्यानं खिशात ठेवावा असा आहे : १.२.

हा छताचा आकडा. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत उतरते, ते तो सांगतो. संहितेची कमाल मर्यादा १.२ आहे. आपण नेहमी टाकतो तो साधा सिमेंटचा स्लॅब, वर काहीच नसेल, तर साडेतीनच्या आसपास जातो.

हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. मे महिन्यातली दुपार, छत उन्हात तापलंय. तो ताप धरून फरक २० अंशांचा मानू. उघड्या स्लॅबमधून जवळपास ६,५०० वॅट उष्णता खाली येते. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालून बाहेर काढतो साधारण ५,२०० वॅट. म्हणजे पंचतारांकित एसी घेतला तरी तो आधी स्लॅबशी भांडणार, आणि हरणार. तेच छत १.२ वर आणलं, तर आत येणारी उष्णता २,२०० वॅटपर्यंत उतरते. त्यासाठी वॉटरप्रूफिंग करतानाच पफ किंवा एक्सपीएस या उष्णतारोधक फोमचा इंचभर जाडीचा थर पुरतो. स्लॅबवर नुसता पांढरा रंग दिल्यानं हा आकडा बदलत नाही. मात्र स्लॅब मुळात कमी तापतो, म्हणून स्वस्तातला पहिला उपाय तोच. धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, एवढं ध्यानात ठेवावं.

पारनेर, शेवगावकडच्या जुन्या माळवदांचा हिशेब मी याच सूत्रानं मांडून पाहिला. तुळया, कड्या, त्यावर फळ्या आणि वर फूटभर कोरडी पांढरी माती : उत्तर १.१ च्या आसपास येतं. संहितेत पास! लगेच आजोबांच्या वाड्याचे गोडवे गायला नकोत. माळवद ओल धरतं, वाळवी खातं, दरवर्षी माती टाकून टाकून तुळयांवर बोजा वाढतो आणि संततधार लागली की जीव मुठीत धरून झोपावं लागतं. लोकांनी स्लॅब टाकले ते शहाणपणानंच. फक्त मातीबरोबर तिचं उष्णता अडवण्याचं कामही गेलं, आणि त्या जागी आपण काही बसवलं नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. माहितीपत्रकावर ‘ग्रीन’ शिक्का असेल, तर तो बहुधा आयजीबीसीचा किंवा ‘गृहा’चा असतो. दोन्ही पद्धती चांगल्या, पण त्या पाणी, कचरा, बांधकाम साहित्य, जागेची निवड अशा अनेक बाबींना गुण देतात. त्यामुळे शिक्का आहे म्हणून वीजबिल कमी येईलच, असं नाही. शिवाय प्रकल्प कागदावर असतानाही पूर्व-प्रमाणपत्र मिळू शकतं. बिल्डरला विचारायचं ते असं : प्रमाणपत्र नकाशाचं आहे की बांधून झालेल्या इमारतीचं? सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेत असाल तर आणखी एक : गच्चीच्या फरशीखाली नेमकं काय घातलंय? उत्तर नुसतं ‘वॉटरप्रूफिंग’ असं आलं, तर थर किती इंचाचा आणि कशाचा, ते लेखी मागा.

भिंती आणि खिडक्यांसाठी संहितेत वेगळा आकडा आहे, दर चौरस मीटरला कमाल १५ वॅट. तो बिघडतो मुख्यतः पश्चिमेच्या उघड्या काचेमुळे. पुढच्या आठवड्यात खिडकी, छज्जा आणि पडदा यांपैकी कशावर पैसे घालावेत, ते पाहू.