रानपिंगळ्याच्या मागावर आलेले पाहुणे

बंदूक घेऊन पाखरं मारायला येणाऱ्या पाहुण्याला आपल्या रानात उतरवून घेणं, ही स्कॉटलंड-अमेरिकेत रीतसर कमाई आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नर्मदाकाठच्या मणिबेलीत कुणी हा धंदा मांडला, तर पाहुण्याबरोबर यजमानही गुन्ह्यात अडकेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीचे परवाने मिळत; १९९१च्या दुरुस्तीनं तेही बंद झाले. सातबारा तुमच्या नावावर असेल, पण त्या शिवारातला तितर तुमचा नाही.

तरीही पाखरांच्या मागावर परके लोक या मुलखात येतात आणि ते नवं नाही. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी पश्चिम खानदेशात पक्षी मारून त्यांची कातडी संग्रहालयांसाठी जमवत असे. त्यात रानपिंगळा हे छोटं घुबडही होतं. माग काढणारा, फांदीकडे बोट दाखवणारा माणूस इथलाच असणार. पण कातडीला बांधलेल्या चिठ्ठीवर नाव गोळा करणाऱ्या साहेबाचं. १८८४नंतर हा पक्षी कुणाला खात्रीनं दिसलाच नाही. मधे पक्षी गोळा करणारे ब्रिटिश कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा एक नमुना दाखवला. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसननंच मारलेला पक्षी होता, नव्यानं पेंढा भरून नवी चिठ्ठी लावलेला! त्या थापेपायी पुढच्या शोधकांनी भलतीच रानं पालथी घातली.

खरा पक्षी सापडला २५ नोव्हेंबर १९९७ला, शहाद्याजवळ. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी अभ्यासकांना तो भर सकाळी निष्पर्ण झाडावर बसलेला दिसला. (नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता; शहादा धुळ्यात होतं.) साध्या पिंगळ्यासारखे ठसठशीत ठिपके याच्या डोक्यावर नसतात, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले आणि शेपूट तो आडवी झटकतो. पुढे तो तोरणमाळ, मेळघाट आणि थेट तानसाच्या जंगलातही आढळला.

दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारं दुर्मीळ घुबड म्हणजे फोटोवाल्यांची चंगळ. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलवायचं, ढोलीसमोर ठाण मांडायचं. इथं वन्यजीव कायद्याची एक ओळ फारशी कुणी वाचत नाही. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी किंवा घरटं विचलित करणंही येतं. म्हणजे विणीच्या दिवसांत ढोलीला त्रास देणारा कॅमेरेवाला कागदोपत्री शिकारीच ठरू शकतो, आणि रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत असल्यानं शिक्षा किमान तीन वर्षांची. घरी भाकरी वाढणाऱ्यानं हे पाहुण्याला आधीच सांगितलेलं बरं.

नागालँडच्या पांगटी गावात २०१२ साली दोयांग धरणाच्या काठी अमूर ससाण्यांची जाळ्यांनी घाऊक कत्तल चालली होती. पुढच्याच वर्षी गावानं ती बंद केली आणि ससाणे पाहायला येणाऱ्यांना उतरवून घेऊ लागलं. हे उदाहरण आपल्याकडे हौसेनं सांगतात. मात्र तिथं जमीन गावाची आणि घराण्यांची आहे, गावाचा निर्णय तिथंच चालतो. मणिबेलीचा किनारा आहे तो सरदार सरोवराचा. महाराष्ट्रातून बुडितात गेलेलं हे पहिलं गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घरं पाण्यात जात असताना इथं सत्याग्रह झाला आणि १९९४ला जगभरातल्या संघटनांनी जागतिक बँकेविरुद्ध काढलेल्या जाहीरनाम्याला याच गावाचं नाव दिलं. धरणाखाली २०१८पासून सरदार पटेलांचा पुतळा पाहणाऱ्यांची रीघ लागते. तडवी-वसाव्यांच्या पाड्यावरच्या कुटुंबानं एखादी खोली पाहुण्यांसाठी काढली, तर रानातल्या वाटेवर हुकूम कोणाचा चालणार?

माझ्या मते उत्तर वनहक्क कायद्यात आहे. २००६चा हा कायदा सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला आपलं जंगल राखण्याचा, सांभाळण्याचा अधिकार देतो आणि त्यातल्या वन्यजीवांच्या रक्षणाची सत्ता ग्रामसभेकडे सोपवतो. ढोलीपासून किती लांब थांबायचं, आवाज वाजवायचा नाही, वाटाड्या गावचाच आणि त्याची मजुरी किती, हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात यायला हवं. आणि काढलेल्या फोटोखाली, वाटाड्याची हरकत नसेल तर, त्याचंही नाव लिहायचं, ही अटसुद्धा.