काटा कुठे थांबतो

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात संत्र्याचं कलम करायचं तर आधी जंबेरीचा खुंट वाढवतात आणि त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. जंबेरीचं रोप जवळून पाहिलं तर पानाच्या बगलेत हिरवा डोळा दिसतो आणि त्याला लागूनच टोकदार काटा. दोन्ही सुरू होतात वाढत्या मूलपेशींपासूनच. डोळ्यातल्या मूलपेशी टिकतात, म्हणून त्यातून फांदी फुटते. काट्यातल्या लवकरच काम थांबवतात आणि टोक कडक होतं. म्हणून झाड वाढतं कसं, एवढंच विचारून भागत नाही. ते थांबतं कसं, हेही विचारावं लागतं, आणि पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचा संदेश टिपणाऱ्या रिसेप्टरचं खरं मोल मला या थांबवण्यात दिसतं.

शेंड्याच्या टोकाशी मूलपेशींचा एक सूक्ष्म पुंजका असतो. त्याखालच्या पेशींत वुशेल नावाचं प्रथिन बनतं. ते वर जाऊन मूलपेशींचं मूलपेशीपण राखतं. त्या मूलपेशी उलट क्लॅव्हाटा-३ हा प्रथिनाचा इवलासा तुकडा बाहेर सोडतात. तो खाली उतरून तिथल्या पेशींच्या आवरणात रोवलेल्या क्लॅव्हाटा-१ या रिसेप्टरला चिकटतो. या रिसेप्टरचा एक भाग पेशीबाहेर असतो, एक आत. बाहेर तुकडा बसला की आतला भाग संदेश पुढे देतो आणि वुशेल कमी होतं. मूलपेशी वाढल्या की तुकडे वाढतात, लगाम आवळतो; घटल्या की सैल पडतो. स्टीव्हन क्लार्क, रॉबर्ट विल्यम्स आणि इलियट मायरोविट्झ यांनी १९९७ मध्ये या रिसेप्टरच्या जनुकाचा शोध प्रसिद्ध केला. तो जनुक बिघडलेल्या रोपांचा शेंडा फुगतो, फुलात जादा पाकळ्या येतात.

हे प्रयोग अ‍ॅराबिडॉप्सिस या वीतभर रोपावरचे. त्यांचा बागेशी काय संबंध, हा आक्षेप रास्त आहे. पण बाजारातला मोठा, गरगरीत टोमॅटो आडवा कापून पाहा. रानटी टोमॅटोत दोनच कप्पे असतात, यात कितीतरी. यातल्या बऱ्याच जातींत क्लॅव्हाटा-३चा जनुक मंदावलेला आहे, हे २०१५ मध्ये दिसून आलं. माणसाने शतकानुशतकं निवडत आणलेलं मोठं फळ म्हणजे काही अंशी ढिला झालेला हाच लगाम. मग तो पुरता तोडला तर संत्रीही मोठी होतील का? तसं होत नाही. लगाम पूर्ण सुटला की शेंडा बेढब होतो, फुलं वेडीवाकडी येतात. टोमॅटोत उपयोगी पडला तो थोडासा बदल.

लिंबूवर्गातला पुरावा २०२०चा आहे. कॅरिझो या खुंटाच्या जातीत काट्यातलं वुशेल बंद करणारे दोन जनुक निकामी केले, तेव्हा काट्यांच्या जागी फांद्या फुटल्या. इथे थांबवणारे जनुक वेगळे होते, पण त्यांनी आवरलं ते वुशेललाच. जंबेरीच्या बगलेतला काटाही एरवी बहुधा फांदीच झाला असता.