अनुकृतीतून व्यक्तिचित्रणाकडे

व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्याला जुन्या चित्रांच्या अनुकृती करावयास सांगितले, की 'नक्कल करून कोणी चित्रकार होतो काय?' हा प्रश्न हटकून येतो. प्रश्न रास्त आहे. परंतु नक्कल कशाची करावयाची, हे आधी ठरवावयास हवे.

रॅफेएलने १५१४-१५च्या सुमारास रंगविलेले बाल्दास्सारे कास्तिल्योने यांचे व्यक्तिचित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. १६३९ साली ते ॲमस्टरडॅम येथे लिलावास आले, तेव्हा रेम्ब्रँटने शाईने त्याचे झटपट रेखाटन केले आणि ३५०० गिल्डर ही विक्रीची किंमतही त्यावर टिपून ठेवली. रेखाटनातील टोपी मुळापेक्षा तिरकी आहे. हुबेहूब साम्य त्याला नकोच होते. त्याने टिपली ती देहाची ठेवण. १६४०च्या त्याच्या आत्मचित्रात ती पुन्हा दिसते, टिशियनच्या एका व्यक्तिचित्रावरून घेतलेल्या, कठड्यावर टेकलेल्या बाहीसह. चेहरा मात्र सर्वस्वी रेम्ब्रँटचा.

विद्यार्थ्यानेही असाच घडणीचा माग काढावा. जुनी तैलचित्रे बहुधा थरांनी उभी राहत: मातकट रंगाची पार्श्वभूमी, तीवर रेखाटन, मग एकाच तपकिरी रंगात छायाप्रकाशाची मांडणी आणि त्यानंतर त्वचेचे रंग. छाया पातळ, प्रकाश जाड. आधी डोळा पुरा, मग नाक, मग ओठ, अशा क्रमाने चेहरा संपविणाऱ्याला साम्य साधते, पण कवटीची गोलाई हाती लागत नाही. डोळ्याची खोबण छायेत बसल्यावाचून डोळ्याला जागाच मिळत नाही. म्हणून पहिली अनुकृती एकरंगी मांडणीपाशीच थांबवावी; डोळे किलकिले करून ती मुळाशी ताडून पाहावी आणि मगच दुसरी रंगात आरंभावी.

छापील प्रतीत रंगाची जाडी दिसत नाही, हा मोठाच अडसर. मूळ चित्रासमोर उभे राहण्यासाठी बडोदेकरांना मात्र युरोप गाठावयास नको. सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या आणि १९२१ साली खुल्या झालेल्या चित्रदालनात युरोपीय तैलचित्रे आहेत. ती जवळून पाहावीत आणि दहा पावले मागे सरूनही पाहावीत.

दोन-तीन अनुकृतींनंतर त्याच क्रमाने जिवंत चेहरा रंगवावा. आरशातील स्वतःचा सर्वांत सोयीचा. तो मानधन मागत नाही आणि कंटाळून उठूनही जात नाही.