चंद्राच्या वाटेवरची पंधरा वर्षं

२२ ऑक्टोबर २००८ च्या सकाळी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी११ चांद्रयान-१ ला घेऊन झेपावलं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला. या प्रवासाचा मागोवा घेताना आम्हा अक्कलकोटकरांना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची आठवण होणं साहजिक आहे. इंदापूर तालुक्यात, उसाच्या मळ्यांत त्यांनी वसवलेल्या वालचंदनगरात पुढे इस्रोच्या रॉकेटांची पोलादी कवचं घडू लागली.

पहिल्या खेपेला यानाचं वजन १,३८० किलो होतं. त्याला थेट चंद्रापर्यंत फेकण्याएवढी ताकद पीएसएलव्हीत नव्हती. म्हणून यान पृथ्वीभोवती फिरत राहिलं आणि इंजिन पुन्हापुन्हा पेटवून त्याची कक्षा लांबवत नेली. ८ नोव्हेंबरला ते चंद्राच्या कक्षेत शिरलं. दोन वर्षांसाठी पाठवलेल्या यानाशी संपर्क ऑगस्ट २००९ मध्येच तुटला. पण पुढच्याच महिन्यात त्याच्या नोंदींवरून चंद्रावर पाण्याचे रेणू असल्याचं जगाला कळलं.

२०१९ ला चांद्रयान-२ चा लँडर अखेरच्या टप्प्यात कोसळला. त्या पहाटेचं दुःख अजून ताजं आहे. ऑर्बिटर मात्र फिरत राहिला, आणि त्याने टिपलेली छायाचित्रं पुढच्या खेपेला उतरण्याची जागा निवडताना कामी आली.

१४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ ला घेऊन एलव्हीएम३ रॉकेट उडालं, ते दोन एस-२०० बूस्टरांच्या जोरावर. प्रत्येकात सुमारे २०० टन घन इंधन. त्याच्या ज्वलनाचा प्रचंड दाब पेलणाऱ्या, ३.२ मीटर व्यासाच्या कवचांचे भाग वालचंदनगर आणि पवईच्या कारखान्यांत तयार झाले होते. बूस्टरांचं काम दोन-सव्वादोन मिनिटांचं. तेवढ्या वेळात वेल्डिंगचा एखादा जोड उकलला असता तर सगळी मोहीम तिथेच संपली असती. जोड टिकले, आणि बावीस दिवसांनी यान चंद्राच्या कक्षेत पोचलं.

या यशात शास्त्रज्ञांइतकाच मान त्या कामगारांचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेलं चांद्रयान-४ चंद्रावरची माती आणणार आहे. त्यासाठी एलव्हीएम३ ची दोन उड्डाणं, म्हणजे चार नवे बूस्टर लागतील. आमच्या तालुक्यात वेल्डिंग आणि टर्निंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे सांगितलं पाहिजे: या कामाला तुमच्यासारख्यांचेच हात लागतात.