तुरीच्या दाण्यांतील मोजदाद



आमच्या अहमदपूरच्या परिसरांत तूर हें केवळ एक पीक नव्हे. घरांतील वरण, लातूरच्या आडतीवरील हिशोब आणि पुष्कळ कुटुंबांचें सारें वर्ष तिच्यावर अवलंबून असतें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या भावाच्या शेतांत ऐन फुलोऱ्यांत तूर मर रोगानें उभी वाळली. त्याच सुमारास मीं त्याला मोठ्या कौतुकानें सांगितलें कीं, तुरीच्या एका पेशींत ८३ कोटी न्यूक्लिओटाइड असतात, हें शास्त्रज्ञांनीं मोजलें आहे. त्यानें शांतपणें विचारलें, “दादा, एवढें मोजलें, मग माझी तूर कां वाळली?” उत्तर शोधूं लागलों तेव्हां आढळून आलें कीं, माझा आंकडाच चुकलेला होता. जन्मभर मुलांना गणित शिकविणाऱ्या माणसाची ही चूक आज आपल्यापुढें मांडतों; कारण ती कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे.

प्रत्येक पेशींत डी. एन. ए. नांवाचा अतिसूक्ष्म दुपदरी धागा असतो. त्याचा प्रत्येक पदर न्यूक्लिओटाइडरूपी मण्यांचा ओवलेला असतो. मणी चारच जातींचे. त्यांची ओळख त्यांतील ‘बेस’ या भागावरून पटते. अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हीं त्या चार बेसांचीं नांवें. एका पदरांत अ‍ॅडेनीन असेल तेथें समोर थायमीन, आणि ग्वानीन असेल तेथें सायटोसीन. या जोडीदारांचें प्रमाण समान असतें, हें १९५० सालीं एर्विन शारगाफ यांनीं प्रसिद्ध केलें. आणि १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं दुपदरी रचना मांडून त्याचें कारण उलगडलें.

आतां तुरीचा एक दाणा हातांत घ्या. भरडला कीं त्याचीं दोन दळें होतात. म्हणूनच आपण त्याला द्विदल म्हणतों. समोरासमोरच्या बेसांची एक जोडी म्हणजे एक दाणा, आणि एक न्यूक्लिओटाइड म्हणजे एक दळ. शंभर दाणे म्हणणारा आणि दोनशें दळें म्हणणारा, दोघेही खरे. परंतु दाण्यांचा आंकडा दळांना लावणाऱ्याचा हिशोब चुकला.

एक उदाहरण घेऊं. धाग्याच्या एका तुकड्यांत १,००० जोड्या आहेत. म्हणजे न्यूक्लिओटाइड २,०००. त्यांपैकीं ६०० अ‍ॅडेनीनचे निघाले, तर थायमीनचेही ६००च असणार. उरले ८००, ते ग्वानीन व सायटोसीन यांत समसमान, म्हणजे ४०० व ४००. एक संख्या कळली कीं बाकीच्या तीन आपोआप हातीं येतात.

आमच्या तुरीची मोजणी हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेच्या राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालीं झाली व २०११ सालीं प्रसिद्ध झाली. वाण होता ‘आशा’. तुरीच्या अकरा गुणसूत्रांच्या एका संचाची लांबी सुमारें ८३.३ कोटी जोड्या ठरली. त्यांत न्यूक्लिओटाइड झाले १६६.६ कोटी. पण पानाच्या अथवा मुळाच्या साध्या पेशींत असे दोन संच असतात. म्हणून तेथें सुमारें ३३३ कोटी. मीं भावाला चौथाई आंकडा सांगितला होता! एका पेशींतील हा धागा सरळ केला, तर सव्वा हात भरेल.

आणखी एक बारकावा आहे. हे ८३.३ कोटी एकेक करून मोजलेले नव्हेत. धाग्याचे असंख्य लहान तुकडे वाचतात. वाचलेल्या एकंदर अक्षरांना, प्रत्येक जागा सरासरी किती वेळां वाचली गेली त्या संख्येनें भागतात. येणारा भागाकार ही अंदाजी लांबी. तुकड्यांचीं टोकें जुळवून प्रत्यक्ष सांधलेला मजकूर त्या वेळीं सुमारें ६०.६ कोटी जोड्यांचा होता. फाटलेल्या वहींत एकाच मजकुराचीं पुष्कळ पानें असलीं, तर कोणतें पान कोठलें हें कळत नाहीं. तुरीच्या धाग्यांतही असे पुनरुक्त भाग पुष्कळ आहेत.

मग भावाच्या प्रश्नाचें काय? मर रोगाची बुरशी जमिनींत वर्षानुवर्षें टिकते. मोजणीनें ती मरत नाहीं. पण रोगाला दाद न देणारा वाण आणि बळी पडणारा वाण यांचीं अक्षरें ताडून पाहतां येतात. प्रतिकाराच्या गुणालगतची खूण सांपडली, तर रोप लहान असतांनाच त्याच्या पानावरून निवड करतां येते. रोगट शेतांत तें वाढून मरतें कीं जगतें, हें पाहत हंगाम घालविण्याची गरज कमी होते. एवढेंच मोजणीचें देणें आहे, आणि तें थोडें नाहीं. मीं भावाला हें सांगितलें, आधींची चूकही कबूल केली. तो म्हणाला, “मग बियाणें घेतांना वाणाचें नांव विचारलें पाहिजे.” पुढच्या पेरणीस त्यानें तसेंच केलें.

आंकडा ऐकला कीं आपण दबून जातों. तसें न होतां प्रथम विचारावें: दाणे मोजले कीं दळें? एक संच कीं दोन? मोजले कीं अदमासले? एवढी विनंती करून आपली रजा घेतों.