निळी रेघ, लाल रेघ आणि आपला गुंठा

आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या. आमच्या बैठकीत हप्ता, भिशी, पापडाची ऑर्डर असलेच विषय असतात. पण हल्ली कर्जाच्या अर्जावर ‘जागा घेण्यासाठी’ हे कारण फार दिसतंय, आणि जागा बहुतेक नदीच्या अंगाच्या, स्वस्तातल्या. म्हणून आज पूररेषेबद्दल बोलू.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. नकाशावरच्या दोन रेघा मात्र फार कुणाला ठाऊक नसतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं, ती निळी रेघ. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेघेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथं शेती, बाग, मैदान चालतं, नवं घर नाही. निळ्या आणि लाल रेघेच्या मधे बांधता येतं, पण अटी पाळून, जोतं उंच घेऊन.

आता ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकलं की वाटतं, नुकताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं घोर नाही. इथंच गल्लत होते. भिशीत जिचा नंबर लागला तिची चिठ्ठी बाजूला काढतात. पुराच्या भिशीत चिठ्ठी परत डब्यात टाकतात! दरवर्षी पंचवीसच चिठ्ठ्या, त्यातली एक पुराची. वीस वर्षांचं घरकर्ज घेतलं, तर ते फिटेपर्यंत निळ्या रेघेवरच्या घराला एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. आणि आपण २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत बघितले. शेवटच्या दोन्ही वेळी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती.

‘मुरूम टाकून जागा उंच करून देतो’ असं प्लॉटवाला सांगतो. करेलही. पण एका गुंठ्यावर एक फूट भराव टाकला की तिथं पसरणाऱ्या सुमारे तीस हजार लिटर पाण्याला दुसरी जागा शोधावी लागते. ते शेजारच्या वस्तीत जातं, नाहीतर खाली शिरोळकडं. तिकडं नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. म्हणून एका ग्रामपंचायतीनं शहाणपणा करून भागत नाही. वरच्या गावानं ओढा बुजवला तर भोगायचं खालच्यानं.

याचसाठी साऱ्या टापूचा मिळून प्रादेशिक आराखडा असतो, १९६६ च्या नगररचना कायद्याखाली. साधारण वीस वर्षं पुढचं बघून शेती कुठं, घरं कुठं, कारखाने कुठं, रस्ते कुठून, हे त्यात ठरतं. मसुदा निघाला की हरकती मागवतात. पण नोटीस कुठल्यातरी पेपरात बारीक अक्षरात येते, आणि हरकती येतात त्या बहुतेक जमीनवाल्यांच्या, ‘आमचा तुकडा रहिवासी पट्ट्यात घ्या’ म्हणून. पुरात जिचं जातं, तिचा अर्ज त्यात नसतो.

एक गोष्ट आम्हाला खटकते. निळी रेघ आखून मोकळं होणं सोपं आहे. त्या पट्ट्यात राहतात कोण? ज्यांना वर जागा परवडत नाही ते. मजुरी नदीकाठच्या उसात, म्हैस दारात. त्यांना पाच-सात किलोमीटरवर हलवलं तर रोज जायचं कसं? गावाजवळच उंचावरची जागा गरिबांच्या घरांसाठी आराखड्यात आधीच राखून ठेवायला हवी. पूर ओसरल्यावर शोधायला गेलं की गायरान उरलेलं नसतं.

तेव्हा जागा बघायला जाल तर आधी गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा, आणि पूररेषेचा नकाशा पाटबंधारे खात्यात विचारा. सातबाऱ्यावर ही रेघ दिसत नाही. तोंडी ‘काही होत नाही’ यावर विसंबू नका, लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. ग्रामसभेत ओढ्यातल्या भरावाचा विषय निघाला तर ठरावात गट नंबरासकट लिहून घ्या. आमच्या गटांत आता जागेच्या कर्जाला झोन दाखला जोडल्याशिवाय अर्ज पुढं जात नाही. दोघीचौघी रुसल्यात, पण नियम ठेवलाय.