व्हिडिओ नुसता बघू नका, हात चालवा! ऑनलाइन कॉलेज कोर्समधून खरंच शिकायचं असेल तर हे वाचा

"कोर्स पूर्ण केला, सगळे व्हिडिओ बघितले, पण परीक्षेत पेपर समोर आला आणि काहीच आठवेना." कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींच्या तोंडी ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. घरच्यांना वाटतं, पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं, अभ्यास कसला करतंय? पोराला वाटतं, मी तर सगळं बघितलं, मग चुकलं कुठं?

चूक बहुतेक वेळा पोराच्या डोक्यात नसते, बघण्याच्या पद्धतीत असते. ऑनलाइन कोर्स टीव्हीसारखा बघितला की टीव्हीसारखाच विसरला जातो. पण त्याच मोबाईलवर प्रयोग करता येतात, आलेख हलवून बघता येतो, स्वतःची परीक्षा स्वतः घेता येते. यातली बरीच साधनं फुकट आहेत. गावातल्या पोरांपर्यंत ती पोचत नाहीत, कारण सांगणारं कुणी नसतं. म्हणून हा लेख.

आधी हे समजून घ्या: कोर्स म्हणजे फक्त व्हिडिओ नव्हे

केंद्र सरकारचं 'स्वयम' हे पोर्टल 9 जुलै 2017 रोजी सुरू झालं. त्यावरच्या प्रत्येक कोर्सचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची तयारी तपासायच्या चाचण्या आणि शंका विचारायची जागा. आपल्याकडची बहुतेक मुलं पहिला भाग बघतात आणि उरलेले तीन सोडून देतात. म्हणजे बैलगाडीचं एकच चाक घेऊन बाजाराला निघण्यासारखं झालं.

हा विषय हलक्यात घेण्यासारखा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून करायला कॉलेज परवानगी देऊ शकतं. त्याचे क्रेडिट पदवीत धरले जातात. म्हणजे हा आता जोडधंदा राहिला नाही, पदवीचाच भाग झाला आहे.

नुसतं बघून डोक्यात का राहत नाही?

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. पण आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र पालटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

यातली गोम अशी की दुसऱ्यांदा वाचताना किंवा व्हिडिओ परत बघताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटलं म्हणजे आलं, असा आपला समज होतो. गावच्या जत्रेत शेकडो चेहरे ओळखीचे वाटतात, पण नाव विचारलं तर किती सांगता येतात? परीक्षा नाव विचारते.

दुसरी गोष्ट लांबीची. 'एडएक्स' या ऑनलाइन कोर्सच्या जागेवर व्हिडिओ बघायची तब्बल 69 लाख सत्रं तपासून 2014 मध्ये एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की साधारण सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक नीट बघतात, त्यापुढे लक्ष उडायला लागतं. म्हणून तासाभराचं लेक्चर एका दमात संपवायचा हट्ट धरू नका. सात-आठ मिनिटं बघा, थांबवा, वही उघडा, काय कळलं ते तीन-चार ओळींत न बघता लिहा. मग पुढे जा. एक लेक्चर संपायला दीड तास लागेल, पण दुसऱ्यांदा बघायची पाळी कमी येईल.

मोबाईलवरची प्रयोगशाळा

सायन्सच्या मुलांसाठी सगळ्यात कामाची चीज म्हणजे 'फेट'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाने 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सुरू करणारे कार्ल वीमन यांना त्याच्या आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणिताचे प्रयोग पडद्यावर बोटाने करता येतात. पैसे लागत नाहीत. यातल्या अनेक प्रयोगांचं मराठी भाषांतरही झालेलं आहे.

ओहमच्या नियमाचंच बघा. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक व्होल्टेजची आणि एक रोधाची. व्होल्टेज 4.5 आणि रोध 500 ओहम असताना प्रवाह 9 मिलिअँपिअर दिसतो. रोध वाढवून 1000 केला की प्रवाह निम्मा, म्हणजे 4.5 वर येतो. वर सूत्र लिहिलेलं असतं. पट्टी सरकवली की त्यातली अक्षरंसुद्धा लहान-मोठी होतात. रोध वाढला की त्याचं अक्षर फुगतं आणि प्रवाहाचं अक्षर आक्रसतं.

शेतातल्या पाइपलाइनशी जोडून बघा. पाण्याचा दाब तेवढाच ठेवून वाल्व अर्धा बंद केला तर पाणी कमी येतं. दाब म्हणजे व्होल्टेज, वाल्वची अडवणूक म्हणजे रोध, पाण्याची धार म्हणजे प्रवाह. एकदा बोटाने पट्टी सरकवून बघितलं की सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही.

दुसरं साधन आपल्याच देशातलं आहे, 'व्हर्च्युअल लॅब्स'. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा हा प्रकल्प असून आयआयटी दिल्ली, आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी अशा संस्था त्यात आहेत. इंजिनिअरिंग आणि सायन्सचे प्रयोग त्यात पायरीने दिलेले असतात. आधी सिद्धांत, मग कृती, मग प्रत्यक्ष सिम्युलेशन आणि शेवटी प्रश्न.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी हिरमुसू नका

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प तुमच्यासाठी आहे. कॉम्प्युटरवर हिशेबाचे तक्ते कसे करायचे, पत्र कसं टाइप करायचं, प्रोग्रामिंग कसं शिकायचं, याचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे त्यात आहेत. बरेच धडे मराठी आवाजात आहेत. त्यांची पद्धतच अशी की एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच काम स्वतः करायचं. धडा थांबवायचा, करून बघायचं, जमलं की पुढे. घरी कॉम्प्युटर नसेल तर धडा मोबाईलवर लावा आणि हात कॉलेजच्या कॉम्प्युटरवर चालवा.

भूगोलवाल्यांनी इस्रोचं 'भुवन' उघडावं. 2009 पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. पुस्तकातला नदीचा नकाशा बघण्याआधी आपल्याच गावचा ओढा उपग्रहाच्या चित्रात शोधा. तो कुठून निघतो, कुठल्या नदीला मिळतो, तलाव कुठे, पड जमीन कुठे, हे बघितलं की पाणलोट क्षेत्र म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

गणित आणि अर्थशास्त्रासाठी 'जिओजेब्रा' आहे. ऑस्ट्रियात 2001 मध्ये एका विद्यार्थ्याच्या अभ्यासातून ते जन्मलं. समीकरण टाकलं की आलेख तयार. आकडा बदलला की रेघ हलते. भाव वाढला की मागणी का घटते, याची रेघ स्वतः काढून हलवून बघा.

नेटपॅक आणि रेंजचं काय?

खरी अडचण इथेच आहे. घरात रेंज नाही म्हणून टेकडीवर किंवा गच्चीवर जाऊन बसणारी मुलं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. त्यावर काही साधे उपाय:

- व्हिडिओची क्वालिटी 360 वर ठेवा. ढोबळमानाने तासाला 300-400 एमबी जातात. तोच व्हिडिओ 720 वर बघितला तर 1 जीबीच्या पुढे जातो. फळ्यावरचं वाचता येण्यापुरतं 360 बहुतेक वेळा चालतं.
- एनपीटीईएलचे व्हिडिओ उतरवून घेता येतात. कॉलेजात किंवा तालुक्याला वायफाय मिळेल तिथे आठवड्याचे धडे घेऊन ठेवा.
- 'फेट'चे प्रयोग एकदा उतरवले की नेट नसतानाही चालतात.
- घरात डीडी फ्री डिश असेल तर 'स्वयम प्रभा'चे शैक्षणिक चॅनेल फुकट दिसतात. तिथे एकच कार्यक्रम दिवसातून पुन्हा पुन्हा लागतो, म्हणजे सकाळी रानात गेलात तरी संध्याकाळी बघता येतो.

पडद्यावरचा प्रयोग आणि खरा प्रयोग

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पडद्यावर टायट्रेशन केलं म्हणजे प्रॅक्टिकल आलं असं नाही. ब्युरेटची तोटी हाताने धरून शेवटचा एक-एक थेंब सोडणं, फिकट गुलाबी रंग आला की तिथेच थांबणं, हे हाताचं काम आहे. पडद्यावर काच फुटत नाही, हात भाजत नाही, रीडिंग घेताना डोळा चुकत नाही. या चुका खऱ्या लॅबमध्येच होतात आणि तिथेच सुधारतात.

मग पडद्याचा उपयोग काय? तयारीचा. वीस मुलांत एकच उपकरण असतं आणि आपली पाळी येईपर्यंत तास संपतो. आदल्या रात्री मोबाईलवर तोच प्रयोग चार वेळा करून गेलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी मिळालेली दहा मिनिटं पुरतात. पण ही साधनं आहेत म्हणून कॉलेजने प्रॅक्टिकलच गुंडाळलं, तर ती मुलांची फसवणूक आहे. पालकांनी तिथे विचारलंच पाहिजे.

प्राध्यापकांसाठी एक विनंती

तासाभराचं लेक्चर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं की काम संपत नाही. 'एचफाइव्हपी' नावाचं मोफत साधन आहे. त्यात व्हिडिओच्या मधेच प्रश्न घालता येतो. व्हिडिओ थांबतो, मुलाने उत्तर द्यायचं, चुकलं तर त्याला त्याच भागाकडे परत पाठवता येतं. अनेक कॉलेजांत वापरात असलेल्या 'मूडल'मध्ये ते चालतं. व्हिडिओ लहान करा, मराठीत दोन वाक्यांचा सारांश द्या, आणि दर आठवड्याला कुठल्या प्रश्नाला जास्त मुलं चुकली ते वर्गात घ्या. एवढ्यानेही फरक पडतो.

फॉर्म भरताना इथे चुकू नका

'स्वयम'वर कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे. पण सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याची फी असते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. नुसती नावनोंदणी करून निर्धास्त बसलेल्या मुलांची मेहनत इथे वाया जाते.

एनपीटीईएलच्या कोर्सला 25 गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि 75 गुण परीक्षेचे असतात. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 लागतात. परीक्षेत 60 मिळाले, पण असाइनमेंट दिल्याच नाहीत, तर सर्टिफिकेट मिळत नाही. शेवटच्या रात्री रेंज जाईल हे धरूनच चाला आणि असाइनमेंट दोन दिवस आधी टाका.

आणि सगळ्यात आधी, नाव नोंदवण्यापूर्वी, कॉलेजात विचारा: "हा कोर्स माझ्या पदवीत धरणार का? किती क्रेडिट?" उत्तर लेखी घ्या. नंतर खिडकीवर हेलपाटे घालण्यापेक्षा हे बरं.

घरच्यांसाठी

पोरगी मोबाईल घेऊन बसली की लगेच हटकू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "काय करतेस ते मला दाखव बरं." तिने पट्टी सरकवून ओहमचा नियम तुम्हाला मराठीत समजावून सांगितला, तर समजा अभ्यास झाला. नाही सांगता आला, तर तिचं तिलाच कळेल की अजून बघायचं राहिलंय. दुसऱ्याला सांगता येणं हीच सगळ्यात मोठी चाचणी, आणि त्याला नेटपॅक लागत नाही.